ज्यू लोकांतही विटाळ पाळतात का? मिक्वे म्हणजे काय, आणि त्यात भांडीही बुडवतात हे खरं आहे का?

पाळतात. भांड्यांचंही खरं आहे, त्याकडे शेवटी येते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, माहेर ठाण्याचं, लग्नानंतर इस्राएलमध्ये अश्दोदला असते. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की घरोघरी शॉवर असताना वेगळ्या कुंडात जाऊन अंघोळ कशाला. तिथूनच सुरू करते, कारण मिक्वे म्हणजे विटाळ घालवायला बुडी मारायचं कुंड, त्यात अंघोळ करतच नाहीत. अंघोळ आधी उरकायची, तीही साग्रसंगीत. मग स्वच्छ अंगाने मिक्वेत उतरून बुडी मारायची.

ते पाणी स्वच्छ आहे का, यापेक्षा ते तिथवर आलं कसं, याची चौकशी आमचं धर्मशास्त्र जास्त करतं. तोरा हा आमचा मूळ धर्मग्रंथ; त्यातल्या लेवीय या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात झरा आणि पाणी साचलेला हौद शुद्ध राहतात, एवढंच म्हटलंय. त्यावर मिश्ना या प्राचीन नियमसंग्रहात ‘मिक्वाओत’ नावाचं अख्खं प्रकरण उभं राहिलं. त्याचा गाभा असा की पाणी आपसूक जमलेलं हवं. पाऊस, झरा, समुद्र चालतो, वितळलेला बर्फही चालतो. बादलीने भरलेलं चालत नाही. किमान ४० सेआ पाणी लागतं. सेआ हे जुनं माप, आणि त्याचे लिटर किती यावर रब्बींचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं, एकमत नाही; कुणाच्या हिशोबाने ३३२ लिटर होतात, कुणाच्या ५७३. बांधणारे शहाणे असतात, वाद नको म्हणून मोठ्या आकड्याच्याही वर जातात. ४० सेआ पुरे व्हायच्या आत तीन लोग, म्हणजे एक ते पावणेदोन लिटर, भांड्यातून ओतलेलं पाणी त्यात पडलं तर सगळं बाद. मात्र एकदा ४० सेआ भरले की वरून नळ हवा तेवढा सोडा, काही बिघडत नाही.

आता शहरात रोज ताजं पावसाचं पाणी आणायचं कुठून? यावरची युक्ती मला फार आवडते. शेजारी शेजारी दोन हौद बांधतात. एकात गच्चीवरून उतरलेलं पावसाचं पाणी. इथे पाऊस फक्त हिवाळ्यात पडतो, तेव्हा तो भरून घेतात. दुसऱ्यात नळाचं, गरम केलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी, ते वरचेवर बदलतात. मधल्या भिंतीत दोन बोटं घालून फिरवता येतील एवढं भोक असतं. बूच काढलं की दोन्ही पाणी एकमेकांना लागतात आणि नळाच्या पाण्यालाही पावसाच्या पाण्याचा दर्जा मिळतो. खबाद पंथाचे लोक हौद शेजारी न बांधता एकाखाली एक बांधतात. बुडीचा हौद जागेवरच बांधलेला हवा, तयार टब आणून ठेवला तर तो भांडं ठरतो. गळका हौद म्हणजे तर रब्बींची डोकेदुखी, कारण साचलेलं पावसाचं पाणी स्थिर हवं, गळती लागली की ते वाहतं ठरतं. समुद्राला यातलं काहीच लागू नाही. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं आम्ही सांगतो. तिथला समुद्र जसा आहे तसा मिक्वे म्हणून चालतो.

आता विटाळ. पाळी सुरू झाली की नवरा-बायको एकमेकांना शिवत नाहीत. काटेकोर घरांत मिठाची बरणीसुद्धा हातातून हातात देत नाहीत, टेबलावर ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. पाळी थांबल्याची पांढऱ्या कापडाने खात्री करायची आणि तिथून पुढे सात स्वच्छ दिवस मोजायचे. अश्कनाझी, म्हणजे मूळचे मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू, पाळीचे निदान पाच दिवस धरतात, म्हणजे कमीत कमी बारा दिवस झाले. सातवा दिवस मावळून अंधार पडला की मिक्वे. ज्यांचं चक्र लहान असतं, त्यांच्या बाबतीत बीज सुटण्याचा दिवस या बारा दिवसांतच निघून जातो आणि मूल राहत नाही. इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला माहीत आहे, त्यावर गोळ्या देतात. निरोगी बाईने मोजणीपायी औषध घ्यावं हे मला पटत नाही, पण घेणाऱ्या मैत्रिणी आहेत.

आपल्याकडच्या ‘बाजूला बसण्या’शी तुलना केलीत, तर ती अर्धीच बरोबर आहे. इथे बंधन नवरा-बायकोपुरतं. बाई स्वयंपाक करते, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्या लावते, सिनेगॉगमध्ये म्हणजे प्रार्थनामंदिरात जाते. तोराच्या शब्दांना विटाळ लागत नाही असं तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथच, सांगतो. मध्ययुगात काही अश्कनाझी गावांत बायका त्या दिवसांत सिनेगॉग टाळत, पण तो रिवाज होता, कायदा नव्हे. इथिओपियाच्या ज्यू बायका मात्र गावाबाहेरच्या वेगळ्या झोपडीत राहत आणि नदीत बुडी मारून परत येत.

शिवाय विटाळ फक्त बाईचा नाही. लेवीयच्या १५व्या अध्यायात पुरुषाच्या वीर्यस्खलनाचाही आहे, आणि सगळ्यांत मोठा विटाळ प्रेताचा. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तोवर या सगळ्याला अर्थ होता, कारण विटाळलेल्याला आत जाता येत नसे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. प्रेताचा विटाळ घालवायला लाल कालवडीची राख लागते, ती आज कुणाकडेच नाही. म्हणजे जुन्या हिशोबाने आज मोठ्यातला मोठा रब्बीही विटाळलेलाच! पाळीचा नियम तेवढा टिकला, कारण त्या दिवसांतल्या संबंधांना लेवीयमध्ये वेगळी मनाई आहे, मंदिर असो वा नसो. बाराव्या शतकातला मोठा धर्मपंडित मायमोनिडीस याने तर स्पष्टच लिहून ठेवलंय की विटाळ म्हणजे पाण्याने धुऊन निघणारा चिखल नव्हे, ही शास्त्राची आज्ञा आहे. त्यामुळे ‘पूर्वी आरोग्यासाठी केलं असेल’ हे आपल्या लोकांचं ठरलेलं स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही.

प्रत्यक्षात तिथे जाऊन करायचं काय? अंग आणि पाणी यांच्यामध्ये काहीही नको. नखं कापायची, नेलपॉलिश पुसायचं, अंगठी, कानातलं, कॉन्टॅक्ट लेन्स, बँडेज सगळं काढायचं, केस विंचरून गुंता सोडवायचा, दातांतसुद्धा काही अडकलेलं नको. मग बालानीत, म्हणजे तिथली बाई, पाठीवर सुटा केस चिकटलाय का ते बघते. पायऱ्या उतरून छातीएवढ्या पाण्यात जायचं, गुडघे जरा वाकवायचे, बोटं फाकवायची, ओठ घट्ट मिटायचे नाहीत आणि पूर्ण खाली जायचं. एक केस जरी वर तरंगला तरी ती बुडी धरत नाहीत. नीट झाली की वरून आवाज येतो, “कशेर!”, म्हणजे शास्त्राप्रमाणे बरोबर.

सगळ्याच बालानीत प्रेमळ नसतात. काही जणी बुडी बघण्यापेक्षा चौकशाच जास्त करतात. त्याविरुद्ध बायका कोर्टात गेल्या आणि २०१६ पासून सरकारी मिक्वेत बालानीतशिवाय बुडी मारता येते. मी तिला आत घेते, पण ते माझ्या मर्जीने.

धर्म बदलून येणाऱ्यालाही बुडी लागतेच. आम्हा बेने इस्राएलांचं दुखणं आहे ते इथे. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने फर्मान काढलं की आमच्यापैकी कुणाचं बाहेरच्या ज्यूशी लग्न असेल तर आईकडच्या पिढ्या तपासा, आणि शंका आली तर बुडी देऊन धर्मांतर करून घ्या. कोकणात पिढ्यान् पिढ्या शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या आणि म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटल्या जाणाऱ्या आम्हाला हे ऐकवलं! १९६४ मध्ये आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा कुठे त्या कागदावरून आमचं नाव गेलं. घरातल्या म्हाताऱ्यांपुढे हा विषय अजून जपूनच काढावा लागतो.

आणि भांडी. तोरातल्या गणना या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायाच्या आधाराने, बिगर-ज्यूने बनवलेलं किंवा विकलेलं धातूचं आणि काचेचं नवं खायचं-प्यायचं भांडं वापरण्याआधी बुडवतात. साध्या मातीच्या भांड्याला ते लागत नाही. मिक्वेच्या आवारात त्यासाठी वेगळा लहान हौद असतो. माझा मसाल्याचा डबा आणि प्रेशर कुकर ठाण्याहून आलेले. बुडवण्यापेक्षा स्टीलवरचं लेबल काढायलाच जास्त वेळ जातो, कारण गोंद राहिला तर तोही आडोसा धरतात. गोंदाला खोबरेल चोळून अर्धा तास ठेवा, आणि कुकरची रिंग काढून वेगळी बुडवा.