भाकणूक कोण करतं?

प्रश्न असा आलाय : 'सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत वासरू भाकणूक करतं म्हणे. भाकणूक म्हणजे शकुनच ना? मग भाकीत म्हटलं तर काय बिघडलं?'

वासरू भाकणूक करत नाही, हे आधी सांगतो. यात्रेत होम पेटवतात त्या, म्हणजे होमप्रदीपनाच्या, रात्री दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात आणि त्याच्यापुढे धान्य, गूळ, खारीक, गाजर, बोरं असं बरंच काही मांडतात. ते ज्याला तोंड लावेल ते यंदा महागणार. मुतलं तर पाऊस बरा, बुजलं तर काहीतरी संकट. इथवर झाली ती नुसती चिन्हं, हवं तर शकुन म्हणा. त्यांचा अर्थ मानकरी हिरेहब्बू बोलून दाखवतात, ती भाकणूक.

कारण 'भाकणे' म्हणजेच बोलणे. मूळ संस्कृत 'भाषा'. ष चा ख झाला (हिंदीतली 'भाखा' त्याच वाटेवरची) आणि मराठीत पुढे क. 'भाक देणे' म्हणजे शब्द देणे, 'करुणा भाकणे' म्हणजे कळवळून विनवणे. एरवी हे क्रियापद आता कानावर येत नाही. आमची आजी मात्र यात्रेहून परतलेल्याला दारातच विचारायची, 'औंदा काय भाकलं रं?' वासरानं ज्वारीला तोंड लावलं म्हटलं की घरातली ज्वारी दोन महिने बाजारात जायची नाही.

'वागणूक', 'फसवणूक'सारखाच इथेही 'णूक' प्रत्यय, म्हणून ती भाकणूक. भाकीत मात्र ते. भाकीत कुणीही करावं, निवडणुकीचं, क्रिकेटचं. खोटं ठरलं तरी कुणी जाब विचारत नाही. भाकणुकीला देव लागतो, ठरलेला दिवस लागतो, बोलण्याचा मान असलेला माणूस लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडे बाबा सांगतात तीही भाकणूकच, आणि तिथे तर वासरूही नाही, सगळा भर बोलण्यावर. सोलापुरात कन्नड बोलणारेही बरेच, त्यामुळे कर्नाटकातल्या मैलारचं 'कारणिक'ही इथे माहीत असतं : गोरवय्या, म्हणजे मैलारलिंगाचा भक्त, उंच धनुष्यावर चढून एवढंसं वाक्य बोलतो आणि लोक वर्षभर त्याचा अर्थ लावत बसतात. बुलढाण्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी करून पीकपाणी सांगतात, त्याला मात्र भाकीत म्हणायचीच रीत आहे. तिथे भाकणूक घुसडू नये.

'हवामान खात्याची भाकणूक' टोमणा मारायचा असेल तर खुशाल लिहा. बातमीत अंदाजच बरा.