वाचकांचे प्रश्न : वासरू, कालवड आणि पहिला चीक

प्रश्न : वासरू, कालवड, गोऱ्हा, खोंड यांत फरक काय?

उत्तर : गाईचं लहान पोर नर असो वा मादी, ते वासरू. मादी मोठी होऊ लागली की कालवड, आणि गाभण राहिली तरी व्याईपर्यंत कालवडच. नर तो गोऱ्हा. वयात आलेला, पण अजून खच्ची न केलेला आणि कामाला न जुंपलेला तो खोंड. पुढे बैल, किंवा पैदाशीला राखला तर वळू. म्हशीचं पोर मात्र रेडकू किंवा पारडू, त्यातली वाढती मादी वगार.

प्रश्न : पहिलारू (पहिल्यांदाच व्यालेली) गाय वासराला जवळ घेत नाही, लाथा मारते. जार (व्याल्यावर बाहेर पडणारी वार) पडल्याशिवाय चीक (व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पाजू नये, हे खरं का?

उत्तर : अजिबात खरं नाही. या समजुतीपायी धडधाकट जन्मलेली वासरं दगावतात. गर्भात असताना आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं वासराला मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासातासाने घटते आणि २४ तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जायला हवा. वासरू ३० किलोचं असेल तर ३ लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. उलट वासरू सडाला (आचळाला) लागलं की जार पडायलाही मदत होते. १२ तासांत जार पडली नाही तर पशुवैद्यकाला बोलवा. ओढून काढू नका.

लाथेचं कारण बहुधा कासेत असतं. पहिल्या वेताला कास ताठते, दुखते. सडाला चीर पडली आहे का पाहा, थोडा चीक हाताने काढून कास हलकी करा, मग वासरू लावा. चाटत नसेल तर वासराच्या अंगावरचा चिकटा तिच्या नाकाला लावा, त्याच्या अंगावर थोडा कोंडा भुरभुरा. माणसांची गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. तरीही जमलं नाही तर चीक बाटलीने पाजा, पण घशात ओतू नका. फुप्फुसात गेला की न्यूमोनिया होतो.

प्रश्न : कुरणात व्यालेली गाय वासराला एकटं सोडून चरायला जाते. तिला माया नाही का?

उत्तर : आहे. पहिले काही दिवस वासरू गवतात निपचित पडून राहतं, गाय चरून येते आणि हंबरून त्याला उठवते. ते कासेला ढुश्या देतं, त्याने पान्हा सुटतो. हंबरूनही वासरू उठलं नाही, कान गार लागले किंवा डोळे खोल गेले, तर लगेच उपचार करा.