कोलेस्टेरॉलच्या गोळीने हाडं मजबूत होतात का? मग आईची हाडांची गोळी बंद केली तर चालेल?

तुम्ही लिहिलंय की आई ६४ वर्षांच्या आहेत, कोलेस्टेरॉलची गोळी अटोरव्हास्टॅटिन रोज चालू आहे, शिवाय हाडं ठिसूळ झाल्यामुळे आठवड्यातून एकदा अॅलेंड्रोनेट. कृपया ही दुसरी गोळी स्वतःहून बंद करू नका. मी औषधशास्त्र शिकवते, म्हणून जरा खोलात जाऊन सांगते.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने हाडं मजबूत होतात असं तुम्ही वाचलंत, ते अगदीच निराधार नाही. १९९९ साली टेक्सासमध्ये ग्रेगरी मंडी आणि सहकाऱ्यांनी ३०,०००हून जास्त नैसर्गिक पदार्थ तपासले. हाड घडवायला लावणारं बीएमपी-२ हे प्रथिन कशाने वाढतं, ते त्यांना शोधायचं होतं. हाती लागलं ते लोव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलचंच औषध! (या जातीच्या औषधांना स्टॅटिन म्हणतात, आईंचं अटोरव्हास्टॅटिनही त्यातलंच.) उंदरांच्या कवटीवर त्याची इंजेक्शनं दिली तर तिथे नवं हाड तयार झालं. पुढच्याच वर्षी, स्टॅटिन घेणाऱ्या वयस्कर लोकांची हाडं कमी मोडतात असंही काही नोंदींत दिसलं.

पण नोंदी फसवतात. स्टॅटिन घेणाऱ्यांचं वजन बऱ्याचदा जास्त असतं, आणि वजनदार माणसाची हाडं मुळात दणकट असतात. चिठ्ठी टाकून दोन गट पाडले तेव्हा खरं काय ते कळलं. ज्युपिटर नावाच्या अशाच एका औषध-चाचणीत १७,८०२ लोक होते. रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांत २२१ जणांची हाडं मोडली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २१०. म्हणजे हाडांना फायदा दिसलाच नाही.

असं का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शरीरात कोलेस्टेरॉल बनतं ती रासायनिक साखळी स्टॅटिन सुरुवातीलाच अडवतं. अॅलेंड्रोनेटही तीच साखळी अडवतं, थोडं पुढे. फरक आहे तो कुठे जाऊन अडवतं याचा. तोंडाने घेतलेलं स्टॅटिन बहुतेक यकृतातच अडकतं, हाडापर्यंत जेमतेम पोचतं. अॅलेंड्रोनेट हाडाला चिकटून बसतं, आणि हाड पोखरणारी पेशी ते गिळते तेव्हा तीच निकामी होते.

म्हणून आईंना दोन्ही गोळ्या हव्यात. अॅलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा किंवा दुधाबरोबर अजिबात नाही. नंतर अर्धा तास काही खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. कॅल्शियमची गोळी असेल तर ती नंतर. छातीत जळजळ होते म्हणून त्या कंटाळल्या असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक अॅसिडही आहे. आणि गोळीला पाच वर्षं होत आली असतील, तर आता काही काळ थांबायचं का, हेही त्यांनाच विचारा.