तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

प्रश्न : डॉक्टर ताई नमस्कार, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, वय ३४. दिवाळीच्या आधी डेंग्यू झाला होता, त्यातून बरी झाले पण संक्रांतीपासून केस इतके गळतायत की कंगवा हातात घ्यायची भीती वाटते. सासूबाई म्हणतात बोअरिंगचं पाणी आणि तू तेल लावत नाहीस म्हणून होतंय. पार्लरवालीने बायोटिन व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्यात. टक्कल पडेल का हो? (नाव छापू नका)

उत्तर : नाही पडणार, अशा गळतीने टक्कल पडत नाही. आणि कारण तर तुम्ही स्वतःच लिहिलंय, डेंग्यू! डोक्यावर साधारण १ लाख केस असतात, त्यातले बहुतेक वाढत असतात आणि थोडे विश्रांतीत. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, असं काही झालं की खूप केस एकदम विश्रांतीत जातात पण गळतात मात्र २-३ महिन्यांनी, तोपर्यंत आजारपण विसरलेलं असतं आणि आळ येतो शाम्पूवर नाहीतर पाण्यावर. म्हणून माझ्याकडे कुणी केस घेऊन आलं की मी आधी तीन महिन्यांपूर्वीचं विचारते.

रोज ५० ते १०० केस गळणं नॉर्मलच आहे. तुमची गळती बहुतेक सहा महिन्यांच्या आत थांबेल, पण केस महिन्याला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतो त्यामुळे वेणी पहिल्यासारखी जाड व्हायला वर्षाच्या वर लागेल, तेवढा धीर धराच. कपाळाजवळ बारीक नवे केस दिसले तर समजा गाडी रुळावर आहे.

पाण्याचं म्हणाल तर जड पाण्याने केस राठ होऊन मधेच तुटतात, मुळापासून येत नाहीत. गळलेला केस उजेडात धरून बघा, टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून आलाय. तेल सासूबाईंच्या समाधानासाठी जरूर लावा, केस मऊ राहतात, पण गळती त्याने थांबत नाही आणि घट्ट वेणी तर अजिबात नको.

हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. हिमोग्लोबिन चांगलं असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी असू शकतो आणि आपल्याकडच्या बायकांत तो फार वेळा कमी सापडतो. बायोटिनची कमतरता मात्र क्वचितच असते, शिवाय त्या गोळ्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण खात्याने २०१७ मध्येच तसं सांगितलंय, तेव्हा रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारून त्या बंद करा. आणि सकाळी पोह्यांबरोबर लगेच चहा घेता ना? चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. पोह्यांवर लिंबू पिळा, चहा तासाभराने.

प्रश्न : वय ५६. माझे केस फारसे गळत नाहीत पण भांग रुंद होतोय, आता कातडी दिसते. आईचंही असंच होतं. वयाचंच म्हणून सोडून देऊ का?

उत्तर : नका सोडू, काकू. हा प्रकार वेगळा आहे, यात प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक उगवत जातो, कपाळावरची रेघ तशीच राहते आणि मधला भाग विरळ होतो. हे आपोआप थांबत नाही म्हणून लवकर सुरू केलेला उपचार जास्त वाचवतो. मिनोक्सिडिल नावाचं औषध डोक्याला लावायचं असतं, ते स्किनच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर तोही सांगा. पहिले काही आठवडे गळती उलट वाढते आणि तिथेच घाबरून बऱ्याच जणी सोडून देतात, फरक दिसायला ४-६ महिने लागतात. बंद केलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

खासगी दवाखान्याचा खर्च जड वाटत असेल तर इंदूरच्या सरकारी एम.वाय. हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत दाखवा. चाईसारखा गोल चट्टा पडला, किंवा डोक्याची आग होतेय, पू येतोय असं काही असेल तर मात्र त्याच आठवड्यात जा, कारण व्रण होऊन मूळच गेलं तर तिथे केस परत येत नाही.