एखादा व्हिडिओ गेम 'मोठा रिलीज' आहे हे नेमकं कशावरून ठरवायचं?

तुम्हाला दर महिन्याच्या मोठ्या गेमची यादी देणारा मराठी यूट्यूब चॅनल काढायचा आहे, तुमचा मित्र म्हणतो बजेट मोठं तर गेम मोठा, आणि मोबाईलवरचे फुकटचे गेम यादीत घ्यावे का नाही हेही तुम्ही विचारलं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर-मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो, दुकानात दिवसभर पोट्ट्यांच्या गेमच्याच गप्पा असतात, मी स्वतः व्हाइस सिटीच्या काळापासून खेळून राहिलो, तर या विषयावर माझं मत पक्कं आहे, सांगतो.

बजेटवरून ठरत नाही. माझ्या हिशोबानं खूण एकच, ज्याची तारीख जाहीर झाली की बाकीच्या कंपन्या आपापली तारीख मागेपुढे करतात तो मोठा रिलीज. आमच्या इकडे मोठ्या घरचं लग्न ठरलं ना राजेहो, की गावातले बाकीचे लोक आपली तारीख बदलून घेतात, कारण आचारी तोच, मांडववाला तोच अन् पाहुणे पण तेच. गेममध्ये खेळणाऱ्याचा वेळ तेवढाच असतो, खिशातला पैसा तेवढाच, स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) किंवा प्लेस्टेशन स्टोअरचं पहिलं पान एकच, आणि यूट्यूबवाले एका आठवड्यात एकच गेम धरून बसतात. त्या आठवड्यात दुसरा कोणी आला तर त्याच्याकडे पाहायला माणूसच उरत नाही.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण टायटनफॉल 2. गेम अप्रतिम होता, रिव्ह्यू चांगले आले, पण ईए कंपनीनं तो आणला 28 ऑक्टोबर 2016 ला. त्याच्या एक आठवडा आधी, 21 ऑक्टोबरला, ईएचाच बॅटलफील्ड 1 आला होता आणि एक आठवडा नंतर, 4 नोव्हेंबरला, कॉल ऑफ ड्यूटी. तिन्ही गोळीबाराचेच गेम, तिन्ही घेणारा माणूस एकच, तो मधला कशाला घेईल? विक्री अपेक्षेच्या खाली राहिली. मला आजही याचं वाईट वाटते, कारण त्या गेमची कॅम्पेन, म्हणजे एकट्यानं खेळायची गोष्ट, मी पूर्ण खेळलेली आहे आणि तिच्यासारख्या कॅम्पेन फार कमी आहेत.

बाल्डर्स गेट 3 वाल्यांनी हे बरोबर ओळखलं. बेल्जियमची लॅरियन कंपनी, पीसीवर 31 ऑगस्ट 2023 ठरलं होतं, पण 6 सप्टेंबरला मायक्रोसॉफ्टचा स्टारफील्ड येऊन राहिला होता, तर त्यांनी पीसीची तारीख चार आठवडे अलीकडे, 3 ऑगस्टला आणली. ही उलटी चाल आहे, बहुतेक लोक तारीख लांबवतात, यांनी ती अलीकडे ओढली, आणि त्याच वर्षी गेम ऑफ द इयर घेऊन गेले. म्हणजे तारखेपुरतं पाहिलं तर स्टारफील्ड मोठा रिलीज होता, आणि गेम म्हणून बाल्डर्स गेट मोठा निघाला. तुमच्या चॅनलसाठी हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे कारण यादी तुम्ही गेम यायच्या आधी करणार, नंतर नाही.

आता बजेटचं. आकडे कंपन्या सहसा सांगत नाहीत, पण 2023 च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्ट ॲक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घेत होती त्या सौद्याची अमेरिकेच्या कोर्टात केस चालू होती, तिथं सोनीनं दिलेल्या कागदावरचे आकडे काळ्या मार्करनं खोडले होते, पण स्कॅन केल्यावर मार्करच्या खालचं वाचता येत होतं. त्यातून जगाला कळलं की द लास्ट ऑफ अस पार्ट 2 ला सुमारे 22 कोटी डॉलर लागले, ऐन कामाच्या वेळी 200 माणसं होती, आणि होरायझन फॉरबिडन वेस्टला 21 कोटी 20 लाख डॉलर अन् 300 माणसं. 22 कोटी डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावानं आपले सुमारे अठराशे कोटी रुपये, आमच्या आख्ख्या तालुक्याचं एका हंगामाचं पऱ्हाटी-सोयाबीन विकलं तरी होतील का नाही माहीत नाही एवढी रक्कम. तेव्हा मित्राचं म्हणणं अगदीच चूक नाही, मोठे रिलीज बहुतेक महागच असतात.

पण महाग म्हणजे मोठा, हे उलटं खरं नाही ना. काँकॉर्ड घ्या. सोनीचा गेम, कित्येक वर्षं बनत होता, 40 डॉलर किंमत, 23 ऑगस्ट 2024 ला आला. स्टीमवर एका वेळी खेळणारे कधी 700 च्या वर गेलेच नाहीत. 6 सप्टेंबरला सर्व्हर बंद, सगळ्यांचे पैसे परत, आणि ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा स्टुडिओच बंद केला. त्याच्या तारखेला घाबरून कोणी आपला गेम सरकवला असं मी तरी कुठं वाचलं नाही. आणि युबीसॉफ्टच्या साहेबांनी स्कल अँड बोन्सला 2024 मध्ये चक्क 'चार ए'चा गेम म्हटलं होतं, म्हणजे सगळ्यात महागड्या गेमला जे तीन ए (AAA) म्हणतात ते पण कमी पडले, तरी तो आला कधी अन् गेला कधी दुकानातल्या पोट्ट्यांना समजलं पण नाही.

दुसरीकडे सिल्कसाँग पाहा. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला तीन माणसांचा स्टुडिओ, टीम चेरी. पहिला गेम हॉलो नाइट 2017 चा, त्याच्या पुढचा भाग म्हणजे हा सिल्कसाँग, 2019 ला जाहीर केला आणि मग वर्षानुवर्षं पक्की तारीखच नाही. 21 ऑगस्ट 2025 ला एकदम सांगितलं की 4 सप्टेंबरला येऊन राहिला, म्हणजे फक्त दोन आठवडे आधी, आणि लगेच कितीतरी छोट्या स्टुडिओंनी आपल्या तारखा पुढे ढकलल्या. 20 डॉलरचा गेम, पण आला त्या दिवशी स्टीमचं दुकान बसलं, निन्टेंडोचं अडलं, प्लेस्टेशन अन् एक्सबॉक्सवर पण लोकांना विकत घेता येईना. तीन माणसांचा गेम जर दुकानं बंद पाडत असेल तर त्याला मोठा रिलीज नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

चांगला का वाईट यावरून पण ठरत नाही हेही सांगतो. सायबरपंक 2077 तीनदा पुढे ढकलून 10 डिसेंबर 2020 ला आला, प्लेस्टेशन 4 वर इतका खराब चालला की आठवडाभरात सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला, पण रिलीज म्हणून तो त्या वर्षातला सगळ्यात मोठ्यांपैकी होताच, लोक सात-आठ वर्षं वाट पाहून राहिले होते. याउलट अमंग अस 2018 ला आला तेव्हा कोणाला माहीत नव्हता, गाजला 2020 मध्ये लॉकडाऊनला. स्टारड्यू व्हॅली एकट्या एरिक बॅरोननं चार वर्षांच्या वर बसून बनवला, 2016 ला आला, आता 4 कोटींच्या वर प्रती विकल्या गेल्या आहेत. हे गेम नंतर मोठे झाले, त्यांचा रिलीज मोठा नव्हता. अशांसाठी चॅनलवर वेगळा व्हिडिओ करा, यादीत कोंबू नका.

आता मोबाईलचं, कारण यावर लोक उगाच नाक मुरडतात. पीसीवाले म्हणतात फुकटचा गेम तो काय रिलीज. मी त्यांना 2 जुलै 2021 ची गोष्ट सांगतो. पबजी मोबाईल 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं बंद केला होता, आणि या जुलैच्या दिवशी तो बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) या नावानं परत आला. आमच्या इकडे पेरण्या होऊन डवरे चालू होते, तरी खेड्यावरचे पोट्टे एकेका गाडीवर तिघं-तिघं बसून दुकानात येऊन राहिले, कारण गावात नेटवर्कची एक काडी. माझ्या वायफायवर सगळे एकदम लागले, त्यात दोनदा लाईन गेली, तरी शेडखाली पावसात उभे. सगळ्यांची अडचण एकच, 32 जीबीचा फोन, जागा नाही. एक जण म्हणे, "भाऊ, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ तुमच्या कॉम्प्युटरात टाकून ठेवा, मले जागा करून द्या." आधी तो व्हिडिओ दुकानाच्या हार्ड डिस्कवर घेतला, उघडून पाहिला नीट चालते का, मग फोनमधून उडवला आणि गेम टाकला. मुलगा पडद्यावरची ती डाउनलोडची पट्टी सरकताना पाहत होता, फोन आला तरी उचलत नव्हता. विमानातून उडी मारली तेव्हा आख्ख्या शेडमध्ये एकच ओरडा झाला.

तर हो, मोबाईलचे गेम घ्या, पण सगळे नाही. नवीन नकाशा, नवीन बंदूक, नवीन कपडे, असे अपडेट दर दोन महिन्यांनी येतात, ते रिलीज नाहीत. पहिल्यांदा आला, किंवा बंदीनंतर परत आला, जसा बीजीएमआय पुन्हा 2022 ला बंद होऊन 2023 च्या मे मध्ये आला, तेवढे धरा. आणि आपल्या प्रेक्षकाच्या हिशोबानं धरा, अमेरिकेच्या नाही. प्लेस्टेशन 5 चा नवा गेम हजारो रुपयांना मिळते, ग्रामीण भागात तो घेणारा माणूस शोधावा लागेल, आणि स्वस्तातल्या फोनवर चालणाऱ्या फ्री फायर मॅक्ससाठी प्रत्येक वाडीत चार पोरं उभी राहतील.

यादीसाठी माझा सल्ला असा: गेमच्या नावासमोर तारीख कधी जाहीर झाली, किती वेळा बदलली, आणि त्याच्या आगेमागे पंधरा दिवसांत दुसरं कोण आहे, एवढं लिहून काढा. जीटीए 6 चं पाहा, आधी 2025 सांगितलं, मग 26 मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026, आणि प्रत्येक बदलाला बाकीच्या कंपन्यांना आपलं कॅलेंडर परत मांडावं लागलं. त्याच्या आधीचा जीटीए 5 17 सप्टेंबर 2013 ला आला तेव्हा तीन दिवसांत 100 कोटी डॉलरची विक्री झाली होती, तर कोण त्याच्या समोर जाईल?

आणि एक मागणी आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी: ॲन एन्शंट एपिक 2020 ला आला, दुर्गेच्या आशीर्वादानं भावाला सोडवायला निघालेली मुलगी, द गेम अवॉर्ड्स या जगभरच्या गेमच्या पुरस्कारात पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. माझ्या खुणेनं तो मोठा रिलीज नाही, त्याच्यासाठी कोणी तारीख बदलली नाही. पण मराठी चॅनल काढून राहिले तर त्याच्यावर एक पूर्ण व्हिडिओ करा, इथल्या पोरांना माहीतच नाही की असा गेम पुण्यात बनते. लिंक टाका, दुकानातल्या टीव्हीवर लावून ठेवतो.