पूर्ण पायी वारी जमणार नाही, पण शेवटचा टप्पा चालून पंढरपुरात जायचंय. बेळगावकडून कसं करावं?

चाला, नक्की चाला. मी खानापूर तालुक्यातली. आषाढीला आमच्याकडं पावसाची झड आणि भाताची लावणी, घरातलं कुणी हलू शकत नाही. म्हणून आमची दिंडी माघीला निघते. मळणी उरकलेली असते, माणसं मोकळी असतात. तुम्हालाही मी माघीच सांगेन. आषाढीएवढी दाटी नसते आणि पहाटेच्या थंडीत पाय चांगले उचलतात.

बेळगावहून रेल्वेनं मिरज, तिथून पंढरपूरच्या गाडीनं सांगोला. पुढं पंढरपूर सुमारे ३२ किलोमीटर. एका दिवसात ओढू नका, मध्ये एक मुक्काम धरा. सांगोल्यावरून जाणाऱ्या एखाद्या दिंडीत आधीच नाव घालून ठेवलं की जेवणाची, झोपायची सोय होते, सामान टेंपोत जातं. नवं पायताण घालून येऊ नका. दहानंतर ऊन चटकतं आणि सावली कमी. काळ्या रानात कणसात आलेला शाळू आणि मध्येच डाळिंबाच्या बागा.

एकट्यानं मात्र चालू नका, हे कळकळीनं सांगते. पहिल्या खेपेला माझं तेच चुकलं. शेवटच्या सकाळी पायाला फोड आलेले, कधी एकदा पोचते असं झालेलं. दिंडी सोडून भराभर पुढं गेले आणि तासभर आधी चंद्रभागेच्या वाळवंटात जाऊन बसले. सगळीकडं माणसंच माणसं, आणि मन कोरडं. मागून आमची माणसं आली ती डोळे पुसतच. शिखर दिसल्याबरोबर दिंडी थांबली होती, सगळ्यांनी रस्त्यावरच डोकं टेकलं होतं. मग एकमेकांच्या पाया पडणं. सत्तरीच्या माझ्या सासूबाई शेजारच्या शाळकरी पोराच्या पाया पडल्या आणि ते पोरगं त्यांच्या. ते माझं हुकलं. तेव्हापासून मी तुळस घेतलेल्या बाईच्या मागची जागा सोडत नाही. टाळाचा ठेका धरला की फोडांची आठवण राहत नाही, खरंच राहत नाही.

गावात शिरलं की आधी चंद्रभागा, मग पुंडलिक, मग महाद्वारातली नामदेव पायरी. तिच्या समोरच चोखोबांची समाधी आहे, तिथं टेकल्याशिवाय पुढं जाऊ नका. नदीत काठाशीच अंघोळ करा. वाळू उपशानं पात्रात खड्डे पडलेत, ते वरून दिसत नाहीत.

एकादशीला पदस्पर्शाच्या रांगेत कित्येक तास जातात. चालून आलेल्या गुडघ्यांना ते सोसत नसेल तर मुखदर्शन घ्या, नाहीतर कळसाला हात जोडा. कळस दिसला की दर्शन झालं, असं वारकरी पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेत. सासूबाई गेली दोन वर्षं तेवढ्यावर परततात आणि घरी आल्यावर तृप्त असतात. तुम्हाला सवड असेल तर पौर्णिमेपर्यंत थांबा.

संक्रांत झाली की तुमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात विचारा. कोण कधी निघतंय ते तिथं कळतं.