टोल्किन, मार्टिन, सँडरसन की ले ग्विन: वाचनगटात हा वाद घालायचा कसा?

तुमचा प्रश्न असा आहे: दादरला तुमचा आठ-नऊ जणांचा वाचनगट महिन्यातून एकदा जमतो. फँटसीचा, म्हणजे जादूच्या काल्पनिक जगातल्या कथांचा, विषय निघाला की टोल्किनवाले, मार्टिनवाले आणि सँडरसनवाले असे तट पडतात, दोन तास जातात आणि हाती काही लागत नाही. मग लेखकांची तुलना करायची तरी कशी?

पहिल्यांदा प्रत्येकाला एवढंच विचारा: या लेखकाचं कोणतं पुस्तक आधी हातात घेतलं आणि कुठपर्यंत वाचलं? बरेचसे वाद तिथेच मिटतात. 'द सिल्मरिलियन'ने सुरुवात करणाऱ्याला टोल्किन कंटाळवाणा वाटला तर नवल नाही. टोल्किन 1973 साली गेले, त्यानंतर त्यांच्या मुलाने संपादित करून 1977 साली ते काढलं. त्यात सृष्टीची उत्पत्ती, वंशावळी आणि युगांचा इतिहास आहे, म्हणजे जवळजवळ पुराणच. सुरुवात 'द हॉबिट' (1937) पासूनच करावी. टेरी प्रॅचेटचंही तसंच. त्याच्या डिस्कवर्ल्ड या मालिकेत 41 कादंबऱ्या आहेत आणि क्रमाने जायचं म्हणून लोक 1983 ची पहिली उचलतात. तिच्यात जुन्या तलवारबाज फँटसीची थट्टा आहे. मूळच वाचलेलं नसेल तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. 'मॉर्ट' (1987) किंवा 'गार्ड्स! गार्ड्स!' (1989) घ्या, मागचं काही वाचलेलं लागत नाही. रॉबिन हॉबच्या बाबतीत मात्र क्रम मोडू नका: 1995 च्या 'असॅसिन्स अप्रेंटिस'पासूनच सुरू करायचं, नाहीतर पुढच्या त्रयींमधल्या भेटींना आणि ताटातुटींना काही वजनच उरत नाही.

मार्टिनच्या बाबतीत घोळ आवृत्त्यांचा होतो. त्याच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मुख्य मालिकेच्या छापील कादंबऱ्या पाच आहेत, 1996 ते 2011. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ब्रिटिश पेपरबॅकमध्ये तिसरी आणि पाचवी प्रत्येकी दोन भागांत आहे, म्हणून संच सात पुस्तकांचा दिसतो. गटात कोणी 'मी तिसरं वाचलंय' म्हणालं तर त्याने अर्धीच कादंबरी वाचलेली असू शकते, आणि सगळ्यात मोठे धक्के उरलेल्या अर्ध्यात आहेत. चौथी वाचताना बरीच मुख्य पात्रं गायब झाली म्हणून लोक वैतागतात. कथानक इतकं पसरलं की लेखकाने ते पात्रांच्या ठिकाणांनुसार वाटलं. ती पात्रं पाचवीत भेटतात. आणि तिच्यावरची टीव्ही मालिका, 'गेम ऑफ थ्रोन्स', या चर्चेतून बाहेर ठेवा. तिचे शेवटचे सीझन छापील पुस्तकांच्या पुढे गेलेले आहेत, त्यांचा राग लेखकावर काढणं चूक आहे.

आता खरी तुलना. अख्खा लेखक तोलायला जाऊ नका, प्रत्येकाचा एकच प्रसंग घ्या: जिथे जादू वापरली जाते तो. सँडरसनच्या 'मिस्टबॉर्न' (2006) मध्ये धातूचा कीस द्रवातून गिळायचा आणि पोटात 'जाळायचा'. पोलाद जाळलं की आसपासचा धातू दूर ढकलता येतो, लोखंड जाळलं की ओढता येतो. नाणं जमिनीवर टाकून ढकललं तर ते खाली जाऊ शकत नाही, म्हणून माणूस वर उडतो. समोरची वस्तू आपल्याहून जड असेल तर आपणच मागे फेकले जातो. हे शंभरेक पानांत अंगवळणी पडतं, आणि मग मारामारीत नायिका काय करू शकेल याचा अंदाज वाचक स्वतः बांधायला लागतो. सँडरसनने हा नियम मांडलाही आहे: वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितकीच ती संकट सोडवायला वापरावी.

याच फुटपट्टीने टोल्किन बघा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गँडाल्फ या जादूगाराला नेमकं काय काय येतं हे कधीच सांगितलेलं नाही, पण कथेतला मूळ पेच त्याच्या जादूने सुटत नाही. तो चालण्याने, उपाशी राहण्याने आणि एकदा दाखवलेल्या दयेने सुटतो. म्हणजे ज्या दोघांच्या नावाने तट पडतात ते एकच नियम दोन टोकांनी पाळताहेत. ही गोष्ट गटात मांडून बघा.

माझं मत विचाराल तर या सगळ्यांत उर्सुला ले ग्विन सर्वांत वरची. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968) मध्ये वस्तूचं खरं नाव माहीत असणं म्हणजेच तिच्यावर सत्ता. तेराव्या वर्षी गुरू कथानायक मुलाचा दंड धरून त्याचं खरं नाव त्याला कुजबुजून सांगतो. बारशाला आत्या कानात नाव सांगते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. पुढे जादूच्या विद्यालयात त्याला एका मनोऱ्यात नावांच्या याद्या पाठ करायला बसवतात. मध्यरात्री शाई उडून जाते आणि पान कोरं होतं. त्याआधी नावं डोक्यात उतरली पाहिजेत. मंत्र घोकंपट्टीने मिळतो आणि एका गर्विष्ठ क्षणी वापरला की त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते, हे फार थोड्या शब्दांत येतं. 'यात बायका कुठे आहेत?' हा आक्षेप कोणी घेईल आणि तो योग्यच आहे. ले ग्विनने स्वतः तो मनावर घेतला आणि 1990 च्या 'तेहानू'त तेच जग एका मध्यमवयीन बाईच्या घरातून पुन्हा लिहिलं.

'आपल्याकडे फँटसी नाहीच' असं कोणी म्हणालं तर अकराव्या शतकातल्या सोमदेवाचा 'कथासरित्सागर' आणि नारायण धारपांच्या समर्थकथा (दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या 'समर्थां'च्या गोष्टी) याच कसोटीला लावा. जादूचा नियम आधी कळतो का, आणि किंमत कोण मोजतं?

बैठकीसाठी प्रत्येकाने तीनच पानांची झेरॉक्स आणावी, पुस्तकाच्या पहिल्या तृतीयांशातली. शेवट आणला तर बाकीच्यांचा रस जातो. लढाईची पानं नकोत, मोठ्याने वाचली की सगळ्यांचीच चांगली वाटतात. दोन तासांत चार उतारे पुरे, त्याहून जास्त घेतले तर नुसतं वाचनच होतं.

नव्याने वाचणाऱ्यांनी प्रवासाचाही विचार करावा. मार्टिनची बहुतेक प्रकरणं आटोपशीर आणि एकेका पात्राच्या नजरेतून असल्याने लोकलमध्ये सोयीची. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा हजारावर पानांचा एकत्र ग्रंथ मात्र उभ्याने एका हातात धरवत नाही. तीन खंडांचा संच घ्या. हुतात्मा चौकातल्या किंवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी प्रत घेताना मुखपृष्ठावर विसंबू नका, आतलं शीर्षकपान उघडून खंड आणि भाग तपासा. जाडजूड पेपरबॅक मधोमध उघडून कणा बघा; पावसाळा खाल्लेला डिंक सुटलेला असेल तर पहिल्याच वाचनात पानं हातात येतात.